स्वीट पी (पुणे परिसरातील लागवड)

लॅथिरस ओडोरॅटस हे शास्त्रीय नाव असलेली, शिंबावंत कुलातील (पलाश उपकुल) वर्षायू व सुगंधी फुलांची वेल. खोड सपक्ष (कडांना पंखासारखी पट्टी असलेले), पाने संयुक्त, दलांची एकच जोडी असलेली व टोकाशी तणावे धारण करणारी, फुले पतंगरूप (फुलपाखरासारखी). पुण्याच्या बागांत ती झेंडू-पिटुनियाइतकी सर्रास आढळत नाही.

मूलस्थान : सिसिलीतील धर्मोपदेशक व वनस्पतिज्ञ फ्रान्चेस्को कुपानी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस या वेलीचे वर्णन केले. १६९९ च्या सुमारास त्यांनी इंग्लंडमधील रॉबर्ट युवडेल यांना बी पाठविले, असे सर्वसाधारणपणे मानतात. ॲम्स्टरडॅमचे वनस्पतिज्ञ कास्पार कोमेलिन यांनी १७०१ मध्ये तिचे चित्र प्रसिद्ध केले. पुढे डच वनस्पतिज्ञ बर्मन यांच्या सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) वनस्पतींविषयीच्या ग्रंथात (१७३७) तिचा समावेश झाला आणि लिनीअस यांनी १७५३ मध्ये सिसिलीचा व सिलोनचा असे दोन प्रकार नोंदविले. गुलाबी-पांढऱ्या ‘पेंटेड लेडी’ प्रकाराचे मूळ सिलोनमध्ये असल्याची समजूत त्यामुळे दीर्घकाळ टिकली. तथापि सिलोनमध्ये ही वेल रानटी अवस्थेत वाढत असल्याला पुष्टी मिळालेली नाही, आणि मूळच्या जांभळ्या फुलांपासून उत्परिवर्तनाने (जनुकातील अचानक बदलाने) गुलाबी रंग येणे सहज शक्य आहे. सिसिली व दक्षिण इटलीचा पक्षच अधिक ग्राह्य वाटतो. आनुवंशिकीविज्ञ बेटसन, सॉन्डर्स व पनेट यांनी १९०५ च्या सुमारास याच वेलीत जनुकांची सहलग्नता (काही जनुके पुढच्या पिढीत एकत्र जाणे) प्रथम नोंदविली.

हंगाम : पुण्यात अडचण थंडीची नसून उन्हाची आहे. परतीचा पाऊस ओसरल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचाच काळ हाती असतो. मार्चमध्ये कमाल तापमान ३५° से. च्या आसपास जाते व कळ्या गळतात. त्यातच फुलोरा दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. उन्हाळी (स्पेन्सर) वाणांना सुमारे १२ तासांचा दिवस लागतो, वासंतिकांना ११ तासांचा, तर हिवाळी वाण १० तासांतही फुलतात. पुण्यात डिसेंबरअखेरीचा दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि १२ तासांचा दिवस मार्चच्या मध्यास उजाडतो. प्रदर्शनांत गाजलेले स्पेन्सर वाण येथे नुसता पाला वाढवून बसतात, त्याचे कारण हेच. पाकिटावरील चित्रापेक्षा वाणाचा गट पाहणे महत्त्वाचे.

लागवड : बी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेरतात. टरफल कठीण असल्याने नाभीच्या (बी शेंगेला जोडलेले असते त्या जागेच्या खुणेच्या) विरुद्ध बाजूस पातळ छेद देऊन किंवा बी रात्रभर भिजवून घेतात. उगवणीस १३–१८° से. तापमान मानवते, म्हणून कुंड्या प्रथम सावलीत ठेवणे श्रेयस्कर. रोपे खोलवर मुळे सोडतात. कुंडी किमान ३० सेंमी. खोल हवी, आणि काळ्या जमिनीत निचऱ्यासाठी गादीवाफा. मटाराच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम जीवाणू हिच्याही मुळांवर गाठी करतात. त्यामुळे पुरंदरसारख्या वाटाण्याच्या पट्ट्यातील माती थोडी मिसळल्यास ते जीवाणू मिळू शकतात. पानांच्या दोन-तीन जोड्या आल्यावर शेंडा खुडतात. नंतर दीड-दोन मीटर उंचीचा आधार देतात. भुरी व मावा हे मुख्य उपद्रव होत. फुले वेळच्या वेळी काढावी लागतात, कारण शेंगा धरल्या की बहर थांबतो.

कळीतच स्वपरागण होत असल्याने वाण सहसा शुद्ध राहतो. शेंगा तपकिरी होताच तोडतात, अन्यथा त्या तडकून बी विखुरते. मटारासारख्या दिसल्या तरी त्या विषारी आहेत. विदर्भातील लाखोळी (लाख डाळीचे पीक) याच लॅथिरस प्रजातीतील (वंशातील) आहे, मात्र दोहोंतील विषद्रव्ये भिन्न होत.