बायबलमधला सिंह कुठून आला

बायबलच्या नव्या करारातला, म्हणजे ख्रिस्तानंतरच्या भागातला, सिंह वाचणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा, कोणाला गिळू म्हणत फिरतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात मात्र ‘यहूदा वंशाचा सिंह’ म्हणजे खुद्द ख्रिस्त. एका प्राण्याला ही दोन टोकं कशी चिकटली, याचं उत्तर प्रतीकांच्या यादीत मिळत नाही. ते यार्देन नदीकाठच्या झाडीत आणि यहूदियाच्या डोंगरावरच्या कळपांत शोधावं लागतं, कारण त्या मुलखात सिंह खरोखरच राहत होते.

यार्देन गालील सरोवरातून निघून वळणं घेत मृत समुद्राकडे उतरते. तिच्या दोन्ही काठांना झाऊ आणि बोरूची दाट पट्टी होती. शत्रू कसा चालून येईल हे सांगताना यिर्मया हा संदेष्टा म्हणतो, यार्देनच्या झाडीतून सिंह कुरणावर चढून यावा तसा. ऐकणाऱ्यांना ही उपमा समजावून सांगायची गरज नव्हती. सिंहाबरोबर त्या मुलखात अस्वलं होती, बिबटे होते, लांडगे आणि तरस होते. मेंढरं वळणारा कोवळा दावीद, जो पुढे राजा झाला, शौल राजाला सांगतो की सिंह किंवा अस्वल कळपातलं कोकरू उचलून न्यायचं तेव्हा मी पाठलाग करून ते सोडवून आणायचो. गल्याथ या धिप्पाड शत्रूयोद्ध्याशी लढायला आपण लायक आहोत, याचा तो दाखला देत असतो.

या भीतीचा माग कायद्यातही निघतो. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात नियम आहे की राखणीला दिलेलं जनावर श्वापदाने फाडलं, तर राखणदाराने उरलेले अवयव पुरावा म्हणून आणावेत, म्हणजे त्याच्यावर भरपाई बसणार नाही. बॅबिलोनच्या हमुराबी राजाच्या संहितेत, इ.स.पू. अठराव्या शतकात, असंच एक कलम आहे. गोठ्यातलं जनावर सिंहाने मारलं तर गुराख्याने देवासमोर शपथ घ्यावी आणि नुकसान मालकाने सोसावं, असं ते सांगतं. उत्पत्ती या पुस्तकात इस्राएलचा पूर्वज याकोब सासऱ्याला, लाबानाला, चिडून सुनावतो की श्वापदांनी फाडलेलं मी तुझ्याकडे कधी आणलं नाही, त्याचा तोटा मीच भरून दिला. पुढे त्याचीच मुलं आपला भाऊ योसेफ याचा झगा रक्तात बुडवून त्याच्यापुढे टाकतात, आणि हिंस्र पशूने त्याला खाल्लं असं तो लगेच मान्य करतो. आयुष्यभर मेंढरं राखलेल्या माणसाला असाच पुरावा पटणार.

हा नियम माहीत असला की आमोस या संदेष्ट्याचं एक वचन अंगावर येतं. आमोस तकोवाचा, स्वतः मेंढपाळ, इ.स.पू. आठव्या शतकातला. तो म्हणतो, मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा सोडवतो, तसे शोमरोनचे, म्हणजे उत्तरेच्या इस्राएल राज्याच्या राजधानीचे, लोक सोडवले जातील. वरवर पाहता यात सुटकेचं आश्वासन दिसतं. पण कानाचा तुकडा आणायचा तो मेंढरू मेलं हे मालकाला दाखवायला. संपूर्ण तानाखमध्ये, म्हणजे हिब्रू बायबलमध्ये, इतकं कठोर रूपक मला दुसरं सापडलेलं नाही, आणि ते एका धनगराच्या रोजच्या व्यवहारातून आलं आहे.

रानटी जनावरांचा वावर वस्तीच्या हद्दीवर अवलंबून होता. देवाने इस्राएलशी केलेल्या कराराचे आशीर्वाद आणि शाप लेवीय या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात येतात. आज्ञा पाळल्या तर देशातून हिंस्र पशू नाहीसे होतील आणि मोडल्या तर ते मोकळे सुटतील, असं तिथे म्हटलं आहे. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने शोमरोन जिंकलं, तिथल्या लोकांना हलवलं आणि परके लोक आणून वसवले. त्या नव्या रहिवाशांवर परमेश्वराने सिंह सोडले, असं दुसऱ्या राजांच्या पुस्तकात लिहिलं आहे. शेतं ओस पडली की रान पुढे सरकतं, ही साधी गोष्ट इथे ईश्वरी न्यायाच्या भाषेत सांगितलेली आहे. यशया या संदेष्ट्याच्या भाकितांतही उद्ध्वस्त बॅबिलोनच्या वाड्यांत कोल्हे आणि घुबडं वस्तीला येतात.

दुसरीकडे राजांनी सिंह उचलला. अश्शूरचा सम्राट अशुरबानिपाल याने इ.स.पू. सातव्या शतकात निनवेच्या राजवाड्यात सिंहांच्या शिकारीची शिल्पं कोरून घेतली. बॅबिलोनमध्ये नबुखद्नेस्सर राजाच्या काळात मिरवणुकीच्या रस्त्याच्या भिंतींवर झिलईच्या विटांचे सिंह ओळीने चालताना दिसत. इस्राएलही यापासून दूर नव्हतं. उत्पत्तीत याकोब मरताना यहूदाला सिंहाचा छावा म्हणतो आणि राजदंड त्याच्याच घराण्यात ठेवतो. शलमोनाच्या सिंहासनाच्या सहा पायऱ्यांवर बारा सिंह होते. मगिद्दोच्या उत्खननात १९०४ मध्ये एक मुद्रा सापडली, तिच्यावर गर्जणारा सिंह आणि ‘यराबामाचा सेवक शेमा’ अशी अक्षरं होती.

संदेष्टे त्याहून पुढे गेले. सिंहाने गर्जना केली, कोण भिणार नाही, असं आमोस म्हणतो तेव्हा गर्जणारा परमेश्वर असतो. होशेय हा संदेष्टा तर देवाच्या तोंडी घालतो की मी त्यांना सिंहासारखा होईन, वाटेवर बिबट्यासारखा टपून बसेन, पिल्लं हिरावलेल्या अस्वलीसारखा त्यांना गाठीन. देवाला कळप राखणारा म्हणणाऱ्या परंपरेने त्यालाच कळप फाडणारा म्हणावं, हे मला तिच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. ईयोबच्या पुस्तकात आणि १०४ व्या स्तोत्रात आणखी वेगळा सूर आहे. तिथे सिंहाचे छावे देवाकडेच भक्ष्य मागतात, आणि त्यांना खाऊ घालणं हे माणसाचं काम नाही.

ज्यूंच्या बॅबिलोनमधल्या हद्दपारीनंतर प्राणी बदलले. दानीएलच्या सातव्या अध्यायात समुद्रातून चार श्वापदं वर येतात. पहिलं गरुडाच्या पंखांचा सिंह, दुसरं दातांत तीन फासळ्या धरलेलं अस्वल, तिसरा चार पंख आणि चार डोकी असलेला बिबट्या, आणि चौथं लोखंडी दातांचं, दहा शिंगांचं, ज्याला प्राण्याचं नावच नाही. बहुतेक अभ्यासक या दृष्टान्ताला इ.स.पू. १६५ च्या आसपासचा मानतात. चौथा अँटिओकस या ग्रीक राजाने यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं होतं आणि त्याच्याविरुद्ध मक्काबी या ज्यू घराण्याचं बंड पेटलं होतं, तो हा काळ. श्वापदं म्हणजे एकामागून एक आलेली साम्राज्यं. चौथं श्वापद आधी ग्रीकांचं राज्य होतं, पुढे ज्यू आणि ख्रिस्ती वाचकांनी त्यात रोम पाहिलं. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात समुद्रातून वर येणारं श्वापद बिबट्यासारखं आहे, त्याचे पाय अस्वलाचे आणि तोंड सिंहाचं. दानीएलची चारही जनावरं तिथे एका देहात कोंबली आहेत.

पेत्राच्या पत्रातला सिंह स्तोत्रांमधल्या छळणाऱ्या शत्रूच्या घराण्यातला, तर प्रकटीकरणातला याकोबाच्या आशीर्वादातून आलेला. दोन्ही वारसे तितकेच जुने होते, म्हणून दोन्ही टिकले. पण प्रकटीकरणाने त्यात एक विलक्षण गोष्ट केली. स्वर्गातल्या वडीलमंडळींपैकी एकजण हा दृष्टान्त पाहणाऱ्या योहानाला म्हणतो, पाहा, सिंह विजयी झाला आहे. योहान पाहतो तर समोर वधलेलं कोकरू उभं असतं. यशयाने लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील, सिंह बैलासारखा कडबा खाईल असं म्हटलं होतं. इथे शिकारी आणि भक्ष्य यांची एकच व्यक्ती झाली आहे.

पुढे ख्रिस्ती धर्म सिंह नसलेल्या प्रदेशांत पसरला आणि प्रतीक पुस्तकी होत गेलं. ‘फिसिओलोगुस’ या ग्रीक ग्रंथात सिंहाची पिल्लं मेलेली जन्मतात आणि तिसऱ्या दिवशी बाप त्यांच्यावर फुंकर घालून त्यांना जिवंत करतो. हा पुनरुत्थानाचा दाखला म्हणून मध्ययुगीन युरोपभर फिरला. यहेज्केल या संदेष्ट्याच्या दृष्टान्तातली माणूस, सिंह, बैल आणि गरुड ही चार मुखं चार शुभवर्तमानकारांना, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांना, वाटली गेली. दुसऱ्या शतकात इरेनियस या ख्रिस्ती धर्मपंडिताने सिंह योहानाला दिला होता, पुढे जेरोम या धर्मपंडिताने तो मार्कला दिला आणि तीच वाटणी रूढ झाली. मार्कला आपला संत मानणाऱ्या व्हेनिसचा पंख असलेला सिंह तिथून आला. खुद्द पॅलेस्टाइनमधले सिंह तेराव्या शतकाच्या सुमारास संपले. त्यांचे आशियातले भाऊबंद आज रानात फक्त गुजरातेत, गीर आणि आसपासच्या परिसरात उरले आहेत. २०२५ च्या गणनेत ते ८९१ भरले.

ज्यू परंपरेने सिंहाला पहारेकरी केलं. सहाव्या शतकातल्या बेथ अल्फाच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, जमिनीवरच्या मोझेइकमध्ये तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या कपाटाच्या दोन्ही बाजूंना सिंह आहेत. यहूदा बेन तेमा या रब्बीचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूचं, वचन मिश्ना या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात आहे: स्वर्गातल्या पित्याची इच्छा पूर्ण करायला बिबट्यासारखा धीट, गरुडासारखा हलका, हरणासारखा चपळ आणि सिंहासारखा बलवान हो. पूर्व युरोपातल्या लाकडी सिनेगॉगांच्या भिंतींवर हे चार प्राणी रंगवलेले असत, आणि तोराच्या कपाटाच्या पडद्यांवर सिंहाच्या जोड्या आजही भरतकामात काढल्या जातात.