धबधब्याने मागे सरकत कोरलेली वाट

घळीच्या तोंडाशी उभे राहिले की धबधबा दिसत नाही. तो दोन-अडीच किलोमीटर आत, शेवटच्या वळणापलीकडे असतो. पण बऱ्याच घळींच्या बाबतीत हाच धबधबा कधीकाळी या तोंडाशीच पडत होता. कातळ झिजवत, कडा ढासळवत तो आत आत सरकत गेला आणि उरली ती ही अरुंद, उंच भिंतींची घळ. शहरापासून जवळची, दोन-तीन तासांत जाऊन येण्यासारखी, सावलीतली म्हणून जी वाट लोकांना आवडते, ती मुळात धबधब्याच्या माघारीची वाट आहे. तिथला गारवा, निसरडे दगड, अचानक येणारा लोंढा, हे सगळे त्या एकाच घडामोडीतून आलेले. ती समजली की कुठे बसावे आणि कुठून पाय काढता घ्यावा, हे कातळाकडे पाहून कळू लागते.

धबधबा मागे सरकतो कसा? वरचा थर कठीण आणि खालचा मऊ असेल, तर पडणारे पाणी आणि त्याबरोबर घरंगळणारे गोटे खालचा थर आधी पोखरतात. कड्याखाली कपार तयार होते, वरचा कठीण थर अधांतरी राहतो आणि एक दिवस स्वतःच्याच वजनाने तुटून पडतो. नायगारा धबधबा असाच सुमारे १२,००० वर्षांत सुमारे ११ किलोमीटर मागे गेला. वीजनिर्मितीसाठी त्याचे बरेचसे पाणी वळवल्यापासून हा वेग खूप मंदावला आहे. मऊ थर नसला तरी काम थांबत नाही. बेसॉल्टसारख्या खडकात उभ्या भेगा असतात. पाणी त्या रुंदावते आणि कड्याचे चिरेच्या चिरे सुटतात. अपवादही आहेत. चुनखडीच्या प्रदेशात पाणी उंचावरून फेसाळत पडताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चुना कड्यावरच साचतो. असा धबधबा झिजण्याऐवजी वाढत जातो. क्रोएशियातल्या प्लिटवित्से तळ्यांमधले बांध आणि धबधबे असेच घडलेले आहेत.

चालता चालता ओढ्यातल्या दगडांकडे नीट पाहावे. घळीच्या तोंडाजवळ ते गोल, गुळगुळीत असतात. जसजसे आत जावे तसतसे ते मोठे आणि कोनेदार होतात, कारण ते लांबून वाहत आलेले नसून वरून पडलेले असतात. धारदार कडा, फिकट आणि डाग नसलेला पृष्ठभाग, त्यावर शेवाळे नाही, दगडफूल नाही, असा धोंडा अलीकडेच कोसळलेला आहे. तसे धोंडे जिथे बरेच दिसतात तिथे वर मान करून पाहावे आणि पुढे चालू पडावे. धबधब्यामागची कपार तर बसायला सर्वांत मोहाची आणि सर्वांत वाईट जागा. पुढची दरड तिथूनच सुटायची आहे. पावसानंतरचे एक-दोन दिवस आणि बर्फ वितळण्याचा काळ, दोन्ही या दृष्टीने वाईट.

आता सावलीचा हिशोब. समजा घळ १० मीटर रुंद आहे आणि दोन्ही भिंती ३० मीटर उंच. सूर्य एका भिंतीवरून उगवून दुसऱ्या भिंतीमागे जात असेल, तर तळाच्या कोपऱ्यापर्यंत ऊन पोचायला तो क्षितिजापासून सुमारे ७२ अंश वर यायला हवा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे तो थेट डोक्यावरून जाणाऱ्या दिवशीही तळाला जेमतेम अडीच तास ऊन मिळते, आणि विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत वर्षाचा मोठा काळ अजिबात नाही. भर उन्हात जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट उष्णता ओतली जाते. घळीचा तळ दिवसातला बहुतेक वेळ त्यातून सुटतो.

पण गारवा फक्त सावलीचा नसतो. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो असते. तिच्यात एक ग्रॅम पाणी बाष्प होऊन मिसळले, तर त्यासाठी लागणारी सुमारे २,४५० ज्यूल उष्णता त्या हवेतूनच जाते आणि ती जवळपास दोन अंशांनी थंड होते. ओला कातळ, नेच्यांची पाने आणि धबधब्याचे तुषार हे काम दिवसभर करत असतात. थंड हवा जड असल्याने ती तळाशीच रेंगाळते. पाणी स्वतः मात्र पडताना थंड होत नाही, उलट किंचित तापते, कारण पडण्याची ऊर्जा खाली आपटताना उष्णतेत बदलते. जेम्स जूलने १८४५ मध्ये हा हिशोब नायगाराला लावला होता. २० मीटरवरून पडलेले पाणी त्या हिशोबाने ०.०५ अंश सेल्सियसने तापेल, हाताला कळण्याइतकेही नाही.

या गारव्याची एक अडचण आहे: तहान लागत नाही. आत जाताना लोक पाण्याची बाटली उघडत नाहीत, आणि परतताना घळीबाहेरचा उघडा चढ नेमका दुपारी गाठतात. तासाला अर्धा लिटर हे प्रमाण धरावे आणि निम्मे पाणी परतीसाठी राखावे. वेळेचा अंदाजही इथे फसतो. विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये घालून दिलेला नियम अजून वापरला जातो: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. तो बांधीव पायवाटेसाठी ठीक आहे. धोंड्यांवरून चढत-उतरत, ओढा ओलांडत जायचे असेल तर त्या वेळेची दुप्पट धरणे शहाणपणाचे.

घसरण्याबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवे, कारण अशा वाटांवर पायाची दुखापत होते ती बहुधा यामुळेच. ओल्या दगडावर जिवाणू आणि सूक्ष्म शैवालांचा बुळबुळीत पापुद्रा असतो. तो हिरवा दिसू लागण्याआधीच निसरडा झालेला असतो. हा थर पाणी धरून ठेवतो, त्यामुळे बुटाचा रबर दगडाला भिडतच नाही. म्हणून कोरडा, फिकट, खरखरीत दगड निवडावा. काळपट आणि चकाकणारा टाळावा. सतत वाहत्या पाण्यातला वाळूचा किंवा बारीक खड्यांचा तळ अशा दगडापेक्षा कितीतरी भरवशाचा, मग बूट भिजले तरी चालतील. ओली मुळे आणि आडवी पडलेली खोडे सर्वांत दगाबाज. मऊ रबराचा आणि पाणी निघून जायला खाचा असलेला तळवा हवा. कडक प्लॅस्टिकसारखा तळवा कितीही खोल नक्षीचा असला तरी घसरतो. पाऊल टाचेवर न टेकता पूर्ण सपाट टेकवावे, पावले लहान ठेवावीत, आणि दगड डुगडुगतो का हे पाहिल्याशिवाय त्यावर भार टाकू नये.

ओढा ओलांडायला अरुंद जागा सोपी वाटते, पण तेवढेच पाणी तिथून जायचे असल्याने ते तिथे खोल आणि वेगवान असते. पात्र पसरट आहे तिथून जावे. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, हातात काठी, आणि पाठीवरच्या पिशवीचा कमरपट्टा सुटा. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. जोरात वाहणारे १५ सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकते.

आणि लोंढा. घळीच्या वर ५ चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र आहे असे धरू. म्हटले तर लहानच. त्यावर तासाभरात २० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होते एक लाख घनमीटर. त्यातले निम्मे जरी तासाभरात घळीत उतरले, तरी सेकंदाला सुमारे १४ घनमीटर पाणी येते. पाच मीटर रुंदीच्या पात्रातून ते सेकंदाला दोन मीटर वेगाने जात असेल, तर खोली होते १.४ मीटर, म्हणजे छातीएवढी. घोट्याएवढ्या ओढ्याचे असे होताना घळीत मात्र कोरडे ऊन असू शकते. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, ते काही किलोमीटर वरच्या भागात पडलेल्या पावसाने. म्हणून हवामानाचा अंदाज शहराचा नव्हे, ओढा जिथून येतो त्या माथ्याचा पाहावा. वरच्या भागात नवी वस्ती आणि डांबरी रस्ते झाले असतील, किंवा वणव्यात झाडोरा जळला असेल, तर पाणी जमिनीत कमी मुरते आणि लोंढा अधिक लवकर येतो. ओढ्याच्या जुन्या सवयींवर मग विसंबता येत नाही.

पूर कुठवर चढतो हे घळच लिहून ठेवते. फांद्यांत अडकलेले वाळके गवत आणि काटक्या शोधाव्यात. भिंतीवर दगडफूल कोणत्या उंचीपासून सुरू होते तेही पाहावे. ते फार सावकाश वाढते, त्यामुळे वारंवार घासल्या जाणाऱ्या पट्ट्यात कातळ उघडाच राहतो. शिदोरी उघडायची ती या दोन्ही खुणांच्या वर. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झाले, पाने-काड्या वाहून येऊ लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून बाजूच्या उंचवट्यावर चढावे. वाटेने खाली धावणे म्हणजे पाण्याशी शर्यत लावणे.

ही घरघर धबधब्याजवळ ऐकू येत नाही, आणि त्याचे कारण मजेदार आहे. धबधब्याच्या आवाजाचा मोठा भाग पाण्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. मार्सेल मिनार्टने १९३३ मध्ये दाखवले की बुडबुड्याच्या आकारावर त्याचा सूर ठरतो: एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३,३०० हर्ट्झला कंप पावतो, एक सेंटिमीटरचा सुमारे ३३० ला. जुन्या टेलिफोनवर बोलणे समजावे म्हणून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झचाच पट्टा पाठवला जाई. म्हणजे बुडबुडे नेमके आपल्या बोलण्याच्या पट्ट्यात गोंगाट करतात, आणि दहा पावलांवरून मारलेली हाक विरून जाते. थांबा, परत फिरा, वर चढा, एवढ्या तीन खुणा हाताने कशा करायच्या हे आधीच ठरवून ठेवावे.

तुषारांमुळे हवेत ऋणभारित कण वाढतात, हे फिलिप लेनार्डने १८९२ मध्येच अभ्यासले होते. त्या कणांमुळेच मन प्रसन्न होते या दाव्याला मात्र भक्कम आधार मिळालेला नाही. प्रसन्न वाटायला इथे इतर कारणे पुष्कळ आहेत.

धबधब्याखालचा डोह पाणी आणि गोटे मिळून खोदतात. आसपासच्या कातळातले रांजणखळगेही भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनीच कोरलेले असतात. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वरून सरळ खाली पाहताना डोह खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांशच दिसतो: दोन मीटरचा डोह दीड मीटरचा वाटतो. पांढऱ्या फेसाळ भागात पाण्यात हवा मिसळलेली असल्याने त्याची घनता कमी होते आणि तिथे माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. त्यातच पडणारी धार त्याला खाली दाबते. पाणी १५ अंशांहून थंड असेल तर अंगावर येताच धाप लागते आणि पहिली एक-दोन मिनिटे श्वास ताब्यात राहत नाही. उडी मारू नये. काठाने, फेसापासून दूर, हळूहळू उतरावे. आणि धबधब्याच्या माथ्यावर तर जाऊच नये. तिथला कातळ पाण्याने घासून गुळगुळीत केलेला, त्यावर शेवाळे, उतार कड्याकडे. घसरलेल्याला धरायला काहीच उरत नाही. २० मीटर खाली पोचताना वेग ताशी ७० किलोमीटर झालेला असतो.

भिंतींमुळे उपग्रहांचे संदेश अडतात किंवा कातळावर आपटून उशिरा पोचतात, त्यामुळे मनगटावरचे जीपीएस घड्याळ आपण चाललेले अंतर बहुतेकदा जास्त दाखवते आणि नकाशावरचा ठिपका भिंतीत शिरतो. मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. कुठे गेलो आणि किती वाजता परतणार हे घळीत शिरण्याआधीच घरी कळवावे. वर वस्ती असेल तर ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळल्याशिवाय पिऊ नये, आणि पायाला जखम असेल तर त्यात उतरूही नये.

घरी आल्यावर बुटांचा चिखल काढून ते पूर्ण वाळवावेत. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते, आणि वाळणे तिला सोसत नाही. शहराजवळच्या घळीत रोज इतके पाय येतात की हे काम प्रत्येकाने करण्यासारखे आहे.