इंटरनेटविना पॅकेज व्यवस्थापन

इंटरनेट नसलेल्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवणे आणि अद्ययावत ठेवणे या कामाला इंटरनेटविना पॅकेज व्यवस्थापन म्हणतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सॉफ्टवेअर पॅकेजच्या, म्हणजे बांधून ठेवलेल्या फाइलगठ्ठ्याच्या रूपात मिळते. एका पॅकेजला चालायला दुसरी कितीतरी लागतात; त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत ‘डीपीकेजी’ ही आज्ञा हातात दिलेले पॅकेज बसवते, पण त्याची डिपेंडन्सी शोधून आणत नाही. ते काम ‘एपीटी’ करते, आणि त्याला रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचा सूचीसकट साठा लागतो; तो सहसा इंटरनेटवर असतो.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. डायलअपच्या त्या दिवसांत लिनक्स घरी यायचे ते सीडीवरून. आता नेट खिशात आले, तरी चाळीतल्या अभ्यासिका, शाळांच्या लॅब, सुरक्षेसाठी मुद्दाम नेटपासून तोडलेली मशीन यांचा प्रश्न तोच आहे.

या कामात यादी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती नेट नसलेल्या मशीनवरच करायला हवी. काय आधीच बसलेले आहे, कोणत्या आवृत्तीचे, ३२ बिट की ६४, हे त्या मशीनलाच ठाऊक असते. घरच्या लॅपटॉपवर अंदाजाने डाउनलोड केले की एखादी डिपेंडन्सी हमखास राहते. ‘एपीटी-ऑफलाइन’ हे साधन नेमके हेच ओळखून बनवले आहे: विनानेट मशीनवर ते मागणीची छोटी फाइल तयार करते, ती पेनड्राइव्हवरून नेटवाल्या संगणकावर न्यायची (तिथे विंडोज असले तरी चालते), पॅकेजांचा गठ्ठा उतरवायचा आणि परत आणून बसवायचा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पॅकेजांसाठी ‘पिप डाउनलोड’ ही आज्ञा आहे. तिथेही पायथनची आवृत्ती जुळावी लागते.

आणखी एक खाचखळगा: एपीटीचीच जुनी आज्ञा ‘एपीटी-गेट’ उतरवलेली पॅकेजे कॅशमध्ये (डिस्कवरच्या राखीव साठ्यात) ठेवते, पण नुसते ‘एपीटी’ ती बसवून झाल्यावर पुसून टाकते. तीच कॅश दुसऱ्या मशीनसाठी न्यायची असेल तर हे आधी माहीत हवे.

प्रस्तुत लेखकाने भांडुपच्या एका अभ्यासिकेत लिब्रेऑफिस या ऑफिस-सॉफ्टवेअरची मराठी भाषाफाइल बसवायला घेतली, तेव्हा पहिली खेप फुकट गेली, कारण भाषाफाइल आणि मूळ लिब्रेऑफिस यांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. दुसऱ्या खेपेला यादी तिथल्याच मशीनवर केली. तरी एपीटी अडून बसले: रिपॉझिटरीची रिलीज फाइल (तिच्या सूचीची खातरजमा करणारी फाइल) अजून वैध झालेली नाही, असे सांगू लागले. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपला होता आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते. त्या फाइलवर डिजिटल सही आणि तारीख असते, म्हणून ही तपासणी बंद करणे हा उपाय नव्हे. पेनड्राइव्ह दहा हातांतून फिरतो, तिथे सहीचाच भरवसा. लॅमिंग्टन रोडवरून नवा सेल आणला, तारीख नीट केली आणि गठ्ठा एका दमात बसला. उरलेल्या मशीनसाठी तीच पॅकेजे एका संगणकावर रिपॉझिटरी म्हणून मांडली आणि नेटवर्क स्विचवरून सगळीकडे वाटली.