ब्राइस कॅन्यन: नदीविना दरी

कॅन्यन म्हटलं की भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र आठवतं: नदी तळ खरवडत जाते, दोन्ही बाजूंना कडे उभे राहतात. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ब्राइस कॅन्यनचे फोटो पाहून बहुतेकांचा हाच समज होतो. पण तिथे दरीला कोरणारी, मधून वाहणारी नदीच नाही! पठाराची कड झिजून तयार झालेले ते अर्धगोल कोनाडे आहेत, आणि त्यांत लाल-केशरी दगडांचे हजारो सुळके उभे आहेत. या सुळक्यांना 'हूडू' म्हणतात.

चुकीचं नाव चिकटलं ते शेजाऱ्यांमुळे. एबेनेझर ब्राइस हा मूळचा स्कॉटलंडचा सुतार १८७०च्या दशकात पायथ्याशी येऊन राहिला. पठारावरचं लाकूड खाली आणायला त्याने रस्ता केला. तो रस्ता जिथे संपायचा त्या खोलगट भागाला लोक 'ब्राइसची दरी' म्हणू लागले. १८८०मध्ये तो ॲरिझोनाला निघून गेला, नाव मात्र राहिलं.

आता माझ्या आवडीचा भाग. हे सुळके मुख्यतः वाऱ्याने नव्हे, बर्फाने घडवले आहेत. पठार सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर आहे. त्यामुळे वर्षातल्या जवळपास निम्म्या दिवशी तिथलं तापमान रात्री शून्याखाली जातं आणि दुपारी पुन्हा वर येतं. फटीत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. पण खरी गंमत पुढे आहे. बर्फ आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा अतिसूक्ष्म थर शून्याखालीही द्रवच राहतो. त्यातला दाब कमी असल्याने आजूबाजूच्या छिद्रांतलं पाणी तिकडे ओढलं जातं, तिथे गोठतं, आणि बर्फाची चकती जाड होत दगड फाडते. म्हणजे गोठताना फुगण्यापेक्षा हे पाणी ओढणंच जास्त विध्वंसक ठरू शकतं. जोडीला किंचित आम्ल असलेलं पावसाचं पाणी चुनखडक विरघळवतं. आधी भिंतीसारख्या पातळ कडा उरतात, त्यांना खिडक्या पडतात, छत कोसळतं आणि सुळका एकटा उभा राहतो. माथ्यावर डोलोमाइटचा टणक थर असेल तर तो टोपीसारखा खालच्या दगडाला वाचवतो.

हे सुळके म्हणजे दगड झालेले महाकाय मानव, असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. तिथल्या मूळनिवासी पाययूट लोकांच्या कथेतही वाईट वागणाऱ्या प्राचीन लोकांना कोयोटीने (कोल्ह्यासारख्या प्राण्याने) दगड केलं आहे. पण ती त्यांची परंपरा आहे, पुराव्याचा आव आणून विकलेली थाप नव्हे.

१९१५च्या सुमारास वन-अधिकारी जे. डब्ल्यू. हम्फ्री यांनी ही जागा पाहिली. त्यांनी तिथली छायाचित्रं काढून घेतली आणि रेल्वे कंपनीच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचवली. १९२३मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी तिला राष्ट्रीय स्मारक केलं आणि १९२८मध्ये ते ब्राइस कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं. कुऱ्हाड थांबली, बर्फ थांबला नाही: कड साधारण ५० ते ६५ वर्षांत फूटभर मागे सरकते, जुने सुळके पडतात आणि मागच्या भिंतीतून नवे सुटे होतात.