आयन मार्गिका आणि तंत्रिकावरणाची आनुवंशिक अर्बुदे

आयन मार्गिका म्हणजे पेशीपटलातली, सोडियम-पोटॅशियमचे आयन (विद्युतभारित कण) आतबाहेर सोडणारी प्रथिनांची दारे. तंत्रिकांच्या आवरणात वाढणाऱ्या आनुवंशिक गाठींशी त्यांचा संबंध मुख्यतः तंत्रिका तंत्वार्बुदता प्रकार १ (एनएफ-१) या विकारात तपासला गेला आहे. हा विकार सुमारे ३,००० जन्मांमागे एकात आढळतो. नागपुरात ‘मेडिकल’ला किंवा ‘मेयो’ला (दोन्ही सरकारी रुग्णालये) आलेला असा रुग्ण बाही वर करतो तेव्हा दंडावर चहाच्या रंगाचे डाग, काखेत बारीक ठिपके आणि बोटाने दाबताच आत जाणारी मऊ गाठ दिसते. डागांना घरचे लासे समजतात. ‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ हे त्यांचे म्हणणे बऱ्याचदा खरे असते. जवळपास निम्म्या रुग्णांत जनुकीय बदल नव्याने झालेला असतो.

गाठ मुळात कोणत्या पेशीची, हा वाद जुना आहे. डब्लिनचे शल्यचिकित्सक रॉबर्ट स्मिथ यांनी १८४९ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले. गाठींचा तंत्रिकांशी संबंध मात्र जर्मन विकृतितज्ज्ञ रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये स्पष्ट केला, म्हणून विकाराला त्यांचेही नाव आहे. गाठीत तंतुजनक पेशी, रोगप्रतिकारक मास्ट पेशी, तंत्रिकातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशी असे सगळेच सापडत असल्याने पुष्कळ काळ मतभेद राहिले. (श्वान हे जर्मन शास्त्रज्ञ थेओडोर श्वान यांचे आडनाव, कुत्र्याशी संबंध नाही.) १७व्या गुणसूत्रावरील जनुक १९९० मध्ये सापडल्यावर पारडे श्वान पेशीकडे झुकले: जनुकाच्या दोन्ही प्रती तिच्याच वंशात निकामी झालेल्या दिसतात. हा घाव वाढीच्या कोणत्या टप्प्यावरच्या पेशीत बसतो, यावर एकमत नाही.

मार्गिकांचा शोधही आधी श्वान पेशीतच घेतला गेला. तिच्या पोटॅशियम मार्गिका रोखल्यास पेशीविभाजन मंदावते, असे प्रयोगांत दिसले. अलीकडे लक्ष तंत्रिका पेशीकडे वळले आहे, आणि ते अधिक पटण्याजोगे वाटते. उंदरांवरील प्रयोगांनुसार जनुकाची एकच प्रत बिघडलेल्या तंत्रिका पेशीत एचसीएन मार्गिकांचे (पेशीच्या विद्युत संकेतांना आवर घालणाऱ्या आयन मार्गिकांचे) कार्य घटते व पेशी अकारण उद्दीपित राहते. संवेदी तंत्रिकांतून मग कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा एक घटक स्रवतो आणि तो गाठीच्या पेशींना वाढवतो. मिरगीवरचे औषध लॅमोट्रिजिन हे उद्दीपन उंदरांत शमवते. या गाठींसाठी माणसांत वापरात असलेले औषध सेलुमेटिनिब (अमेरिकेत २०२० पासून मान्य) मार्गिकांवर नव्हे, पेशीत वाढीचा संकेत पुढे नेणाऱ्या मेक विकरावर काम करते.

तंत्रिका तंत्वार्बुदता प्रकार २ म्हणजे एनएफ-२ (२२वे गुणसूत्र, मर्लिन प्रथिन) व श्वानार्बुदता (श्वान पेशींच्या गाठींचा विकार) यांबाबत असे काम तुटपुंजे आहे.

तंत्रिका पेशीकडे बोट दाखवणारी आणखी एक खूण एनएफ-१मध्ये दिसते: त्याच्या जनुकाच्या प्रथिनातील १८०९व्या स्थानी आर्जिनीन हे अमिनो आम्ल बदललेल्या रुग्णांत डाग असतात, पण गाठी सहसा होत नाहीत. तोच बदल केलेल्या उंदरांच्या तंत्रिका पेशी अतिउद्दीपित नसतात.