मोहोळ उठतं तेव्हा

कड्याच्या पोटाशी आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं, तर लांब थांबून दुर्बिणीतून थोडा वेळ बघा. आधी ते काळपट, निपचित दिसतं. मग एखादी गांधीलमाशी जवळून भिरभिरत जाते आणि त्या काळपट अंगावर सरसरून लाट उमटते. शेकडो माश्या एकीमागून एक पोटाचं टोक झटक्यात वर करतात आणि लगेच खाली घेतात. गांधीलमाशीला दिलेला हा इशारा असतो. आपण बघत असतो ते खरं तर पोळं नसतंच. पोळं आत असतं, आणि एकमेकींना धरून थरावर थर रचलेल्या हजारो माश्यांनी ते झाकलेलं असतं.

सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, दगडाच्या सांदीत घर करते. तिला आडोसा असतो. आग्या माशीचं मीटरभर रुंदीचं एकच पोळं उघड्यावर टांगलेलं असतं. मध, अंडी, अळ्या, सगळं तिथंच. भिंत नाही म्हटल्यावर भिंत माश्यांनीच व्हायचं, आणि म्हणूनच त्यांचा प्रतिकार इतका कडवा असतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. राणीला घेऊन नव्या जागेच्या शोधात निघालेला, वाटेत फांदीवर झुंबडीनं विसावलेला थवा सहसा शांत असतो. राखायला घर नाही, पिल्लं नाहीत, आणि पोट मधानं भरलेलं. त्याच्या वाटेला जाऊ नये हे खरंच, पण पदभ्रमण करणाऱ्याला मोठा धोका असतो तो वसलेल्या पोळ्याचा. कुणी गंमत म्हणून दगड भिरकावतो, कुणी बरोबर पोळ्याखाली चूल पेटवतो, आणि मोहोळ उठतं.

पहिला डंख बसला की पुढचं सगळं वासावर चालतं. माशीच्या नांगीला उलटे दाते असतात. ती कातडीत रुतते आणि माशी उडताना विषाच्या पिशवीसकट मागंच राहते. भिंगातून पाहिलं तर माशी निघून गेल्यावरही ती पिशवी आपली आपण आकसताना दिसते. विष आत जातच असतं. त्याच नांगीतून धोक्याचा गंध पसरतो. त्यातलं मुख्य रसायन, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, 1962 मध्ये ओळखलं गेलं. पिकल्या केळ्यासारखा त्याचा वास. आग्या माशीच्या गंधात आणखी काही घटक असतात आणि ते जास्त वेळ टिकतात. म्हणजे डंख बसलेला माणूस बाकीच्या माश्यांसाठी खूण केलेलं लक्ष्य होतो. त्यात आपण हात झाडले, धापा टाकल्या, की ती हालचाल आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यांना थेट तोंडाकडे आणतो.

माशी किती विषारी यापेक्षा किती माश्या उठतात हे महत्त्वाचं. वॉरविक केर या शास्त्रज्ञानं 1956 मध्ये आफ्रिकी राण्या ब्राझीलमध्ये आणल्या. पुढच्याच वर्षी त्यातल्या 26 राण्या थव्यांसह निसटल्या, आधीच्या युरोपीय माश्यांशी त्यांचा संकर झाला आणि ती संतती 1990 मध्ये टेक्सासपर्यंत पोचली. तिलाच लोक ‘किलर बी’ म्हणू लागले. तिच्या एका डंखातलं विष युरोपीय माशीपेक्षा जास्त नसतं. फक्त ती लवकर बिथरते, कितीतरी जास्त संख्येनं बाहेर पडते आणि लांबवर पाठलाग करते.

म्हणून पहिला डंख बसताच निघायचं. मारत बसायचं नाही, आणि जमिनीवर पडून राहायचंही नाही. शर्ट ओढून डोळे, नाक, तोंड झाका, वाट दिसेल एवढी फट ठेवा आणि पोळ्यापासून दूर पळत राहा. बंद गाडी, घर किंवा चेन लावता येणारा तंबू मिळाला तर आत शिरा. दोन-चार माश्या बरोबर आल्या तरी चालेल. पाण्यात उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात आणि श्वासासाठी डोकं वर निघतंच. माझ्या मते सर्वांत बिकट जागा म्हणजे कड्यावरची अरुंद वाट आणि दोरावर लटकलेला माणूस. तिथं पळता येत नाही, आणि घाबरून टाकलेलं एक पाऊल डंखांपेक्षा घातक ठरतं. अशी चढाई ठरवतानाच कातळावर पोळी आहेत का हे बघा, आणि असतील तर वाट बदला.

सुरक्षित जागी पोचल्यावर नांग्या काढा. चिमटा शोधत बसू नका. नखानं, कार्डानं, जमेल तसं, पण लगेच.

ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांना एक डंखही पुरतो. अंगभर गांध्या, ओठ-जीभ सुजणं, श्वास अडकणं, चक्कर, असं काही दिसलं तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार. अ‍ॅलर्जी माहीत असलेल्यानं ते जवळ बाळगावं आणि सोबत्यांनाही द्यायला शिकवावं. माणसाला आडवं करा, दम लागत असेल तर बसवा. उभं करून चालवू नका.

अ‍ॅलर्जी नसलेल्याला घातक ठरतो तो विषाचा एकूण साठा. किलोमागे सुमारे 19 डंख बसले तर जगण्याची शक्यता निम्म्यावर येते असा अंदाज आहे. लहान मुलाच्या बाबतीत तो आकडा फार लवकर गाठला जातो. या विषाचा साधारण निम्मा भाग मेलिटिन असतं. ते पेशींची आवरणं फोडतं, स्नायू आणि तांबड्या पेशी फुटतात आणि तो सगळा मलबा मूत्रपिंडात साचतो. याला काही तास, कधी एखादा दिवस लागतो. त्यामुळे 50 वगैरे डंख बसलेला सोबती हसतखेळत बोलत असला तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्या, आणि लघवी चहासारखी गडद होतेय का हे त्याला विचारत राहा.