गुरू-लघूचा ठेका आणि ५७ मीटरांचे अंतर

ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी लोकसंगीताच्या ठेक्यावर उभा असलेला बूगी रॉक म्हणजे तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आणि कानठळ्या बसवणारा आवाज, असा समज रॉक आवडीने ऐकणाऱ्यांतही आढळतो. मला तो अन्यायाचा वाटतो, कारण या संगीताचा प्राण ठेक्यात आहे. ब्लूज गायक आणि गिटारवादक जॉन ली हुकर यांनी १९४८ मध्ये डेट्रॉइट येथे ‘बूगी चिलन’ ध्वनिमुद्रित केले, तेव्हा साथीला ड्रम नव्हते. होती ती गिटार आणि तालावर आपटणारा त्यांचा पाय. पुढे कॅन्ड हीट या कॅलिफोर्नियाच्या बँडने बूगी रॉकमध्ये आणली आणि १६ ऑगस्ट १९६९ च्या संध्याकाळी वुडस्टॉक महोत्सवात लाखोंच्या समुदायापुढे वाजवली.

या ठेक्याला शफल म्हणतात. शाळेत वृत्तांचा लगक्रम शिकलेल्याला तो चटकन कळेल. एका ठोक्याच्या तीन मात्रा कराव्यात, पहिल्या दोन मिळून एक गुरू आणि तिसरी लघू. गुरू-लघू, गुरू-लघू असे चालत राहिले की शफल झाला. येथे दुसऱ्या मात्रेवर काहीही वाजत नाही, हे फार महत्त्वाचे आहे. त्या रिकाम्या जागेमुळेच पुढचा लघू आघात धक्का दिल्यासारखा येतो आणि पाय आपोआप हलू लागतो. वेग वाढला की गुरू आखडतो, त्यामुळे २:१ हे प्रमाण काटेकोर राहत नाही. पण मध्यम लयीत ते पुष्कळ अंशी खरे आहे.

आता हा ठेका खुल्या मैदानातील मैफलीत नेऊ. मिनिटाला १२० ठोके धरल्यास एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि एक मात्रा सुमारे ०.१६७ सेकंदाची होते. २० अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मात्रेत जवळपास ५७ मीटर. मागच्या श्रोत्यांसाठी मंचापासून इतक्या अंतरावर ध्वनिवर्धकांचा मनोरा उभारला, तर तारेतून येणारा विद्युत संकेत तेथे जवळजवळ तत्काळ पोहोचतो, मंचावरून हवेतून येणारा आवाज मात्र एक मात्रा उशिरा येतो. मनोऱ्याचे आघात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतात. मंचाचे तेच आघात एकेक मात्रा सरकून दुसऱ्या आणि पुढच्या पहिल्या मात्रेवर येतात. दोन्ही एकत्र ऐकल्यास तिन्ही मात्रा भरून जातात, रिकामी जागा उरत नाही आणि मंचावर वादक अचूक वाजवत असतानाही श्रोत्याच्या कानात शफल नाहीसा झालेला असतो.

यावर उपाय म्हणजे मनोऱ्याचा आवाज मुद्दाम उशिरा सोडणे. २८ जुलै १९७३ रोजी न्यू यॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे रॉक मैफलीसाठी सुमारे सहा लाख लोक जमले होते. तेथे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो क्षणभर साठवणारी उपकरणे वापरली गेली. मंचापासून सुमारे ६० मीटरांवरच्या मनोऱ्यांना ०.१७५ सेकंदाचा आणि दुप्पट अंतरावरच्या मनोऱ्यांना ०.३५ सेकंदाचा विलंब दिला होता. त्या दिवशी वाजवणाऱ्या ऑलमन ब्रदर्स बँडच्या ब्लूज गाण्यांतही शफल होताच, आणि पहिला विलंब आपल्या हिशेबातील जवळजवळ एका मात्रेएवढा आहे, हे पाहून मला फार आनंद झाला.

संगीत अंगात भिनण्यामागचे खरे विज्ञान अशा मोजता येणाऱ्या सहस्रांश सेकंदांत आहे.

विलंब अंतराइतकाच ठेवूनही भागत नाही. काही मिलिसेकंदांच्या फरकाने आलेले दोन आवाज मेंदू एकच मानतो आणि जो आधी आला त्याच्या दिशेने तो आला असे ठरवतो. म्हणून ध्वनितंत्रज्ञ हिशेबापेक्षा साधारण १० मिलिसेकंद जास्त विलंब देतात. मंचाचा आवाज आधी पोहोचतो, मनोरा त्याला फक्त बळ देतो आणि गिटार मंचावरच वाजत असल्याचे भासते. परंतु दुपारी ३० अंश असलेली हवा रात्री १५ अंशांवर आली, की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटरने घटतो आणि १२० मीटर मागे उभ्या असलेल्या श्रोत्याकडे मंचाचा आवाज सुमारे ९ मिलिसेकंद अधिक उशिरा पोहोचतो. जास्तीच्या विलंबातील जेमतेम एक मिलिसेकंद उरतो. हवा आणखी गार झाली तर मनोराच पुढे जातो आणि गिटार मंच सोडून शेजारच्या खांबावरून वाजत असल्यासारखी ऐकू येते. म्हणून सूर्य मावळल्यावर विलंबाचे आकडे पुन्हा तपासावे लागतात.